पीट नाही? पाचट आहे की!

युरोपातले बागवाले कुंडी भरायला पिशव्यांनी ‘पीट’ आणतात. दलदलीत शेवाळ वर्षानुवर्षं साचतं, अर्धवट कुजतं आणि त्याचं पीट होतं. वेग? वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर! साताऱ्याच्या गादीवर थोरले शाहू महाराज होते तेव्हा साचू लागलेला थर आज कुठे फूटभर झाला असता. तो आपण एका हंगामात झेंडूखाली घालवायचा?

गंमत म्हणजे पीटच्या दलदलीत आणि आपल्या कासच्या पठारावर एक पाहुणी सारखीच दिसते: दवबिंदू, म्हणजे किडे खाणारी ड्रोसेरा. दोन्हीकडे कारण एकच, जमिनीत नत्राचा ठणठणाट. म्हणून कासची माती पिशवीत भरायचा मोह टाळा. एक तर तो जागतिक वारसा. आणि टोमॅटो काही किडे धरून पोट भरत नाहीत.

मुळात पीट झाडाला फारसं जेवू घालतच नाही. पाणी धरायचं आणि हवा खेळती ठेवायची, एवढंच त्याचं काम. ते नारळाच्या भुशाचं कोकोपीटही करतं. 5 किलोची वीट भिजली की फुगून साधारण 70 लिटर होते. मात्र आधी दोन-तीनदा धुवा, त्यात क्षार असतात. आणि निचरा विसरू नका. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीतच पेवं खोदायचे, कारण तिथल्या मातीतून पाणी पाझरत नाही. हळदीच्या कोठाराला ते वरदान. कुंडीला नेमकं उलटं हवं.

आता घरचा माल. उसाच्या फडात पाचट पडलेलं असतं आणि कित्येक जण ते पेटवून मोकळे होतात! कुजायला ते चिवट, म्हणून सोबत शेण हवंच. कारखान्याचं प्रेसमडही चालेल, पण ताजं नको: ते तापतं आणि मुळं भाजतात.

साताऱ्याच्या दाभोलकर घराण्यातले श्रीपाद दाभोलकर (डॉ. नरेंद्र यांचे थोरले बंधू) गणिताचे प्राध्यापक, पण रमले मातीत. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त तासगावचे द्राक्षबागायतदारही होते. दाभोलकरांच्याच विचारातून आलेली, दीपक सुचदे यांनी पसरवलेली ‘अमृत माती’ म्हणजे घरगुती पाककृतीच. 10 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ. तीन दिवस अधूनमधून ढवळायचं. मग दहापट पाणी घालून त्यात चिरलेलं पाचट, वाळका पाला दिवसभर भिजवायचा. पाल्याचा थर, मातीचा थर, असा फूटभर ढीग. आठवड्याला एकदा उलथायचा. महिन्याभरानं त्यावर धान्य, कडधान्य, मसाल्याचं मिळेल ते बी फेकायचं. उगवलेलं 21, 42 आणि 63 दिवसांनी छाटून तिथंच मिसळायचं. म्हणजे माती आधी स्वतःच जेवते! गूळ इकडे मुबलक, शेण शेजारी. धीर तेवढा स्वतःचा आणायचा.

कुंडीतल्या मिश्रणाचं प्रमाण मात्र पावसाला विचारून. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो, तर माणदेशात म्हसवडला पाचशेच्या आसपास. वरच्यांनी कोकोपीट कमी, वाळू आणि विटांचे तुकडे जास्त घ्यावेत. माणदेशकरांनी कोकोपीट वाढवून वर पाचटाचं आच्छादन टाकावं. अधल्यामधल्या कराडकरांनी दरवर्षी आकाशाकडं बघून ठरवावं.