इन्सुलिन घ्या, पण संडासात नको

जळगाव-धुळ्याच्या कचेऱ्यांत आम्ही पाहतो, मधुमेही कर्मचारी दुपारच्या सुट्टीत इन्सुलिन टोचून घ्यायला संडास गाठतो. साहेबाला कळेल, लोक नशेबाज समजतील, ही धास्ती. काही जण तर डोसच बुडवतात!

बंधू-भगिनींनो, परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४८ साली डॉ. माईसाहेबांशी विवाह झाल्यावर पथ्य व इन्सुलिन त्याच पाहत. असे दुखणे अंगावर असताना कायदामंत्री म्हणून त्यांनी घटनेचे काम तडीस नेले. मग फाईली चाळणाऱ्या आपण का लाजावे?

स्वच्छ हात आणि दोन मिनिटे पुरेत. शेजारच्या सहकाऱ्याला मात्र सांगून ठेवावे : दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, तर लगेच साखर द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा.

खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. फ्रीज नसेल तर कुपी डबीत बंद करून ओल्या मडक्यात ठेवावी. एस.टी.च्या खिडकीशी, उन्हात तर नकोच.

वापरलेली सुई केराच्या टोपलीत टाकू नये. ती सफाई कामगाराच्या हातात घुसते, आणि तो हात बहुधा आपल्याच माणसाचा असतो. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून, झाकण लावून दवाखान्यात नेऊन द्यावी.