नातवंडांचा अंतराळखेळ : आजी-आजोबांनी खेळावा का?

दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर नातवंडे जे खेळ खेळतात, ते आपल्यासाठी नाहीतच, असे बहुतेक ज्येष्ठ गृहीत धरतात. मुले पडद्याकडे पाहतात, आजी-आजोबा मुलांच्या पाठीकडे पाहतात आणि एकाच खोलीत दोन पिढ्या वेगवेगळ्या बसलेल्या असतात. हे अंतर एखाद्या खेळामुळे कमी होऊ शकेल का? आणि होत असेल, तर तो खेळ आपल्या प्रकृतीला मानवेल का? उदाहरणादाखल एक गाजलेला खेळ घेऊ आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने त्याचे गुणदोष तपासू.

खेळ कसा आहे?

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘सुपर मारिओ गॅलॅक्सी’ हा खेळ २००७ साली प्रथम आला. दुसरा भाग २०१० साली निघाला आणि २०२५ साली दोन्ही भाग ‘स्विच’ या यंत्रासाठी नव्याने उपलब्ध झाले. हा ‘प्लॅटफॉर्म’ प्रकारचा खेळ आहे. म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी धावत, उड्या मारत, अडथळे चुकवत पुढे जायचे. झुबकेदार मिशांचा मारिओ हा नायक दुष्ट बाउझरने पळवून नेलेल्या राजकन्येला सोडवण्यासाठी एका आकाशगंगेतून दुसऱ्या आकाशगंगेत फिरतो आणि तारे गोळा करतो.

खेळातील ग्रह लहान आहेत. काही तर अंगणाएवढेच. मारिओ त्यांच्याभोवती सगळीकडून धावतो, अगदी खालच्या बाजूनेही, आणि तरी पडत नाही. ज्या ग्रहावर तो असेल, त्याच्या केंद्राकडे तो ओढला जातो. कदंबाचा गोल फुलोरा जसा चहूबाजूंनी फुलांनी भरलेला असतो, तसे पृथ्वीगोलावर सर्व बाजूंनी प्राणिमात्र आहेत, असा दृष्टान्त आर्यभटाने सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी दिला होता. तो दृष्टान्त येथे डोळ्यांसमोर चालताबोलता दिसतो. नातवंडाला गुरुत्वाकर्षण समजावून सांगायचे असेल, तर याहून सोपी संधी क्वचितच मिळेल.

जमेच्या बाजू

ज्येष्ठांसाठी या खेळाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यातील सहखेळाडूची सोय. मारिओला पळवण्याचे काम नातवंडाने करावे. आपण दुसरा कंट्रोलर हाती धरून पडद्यावरील दर्शक फिरवायचा, विखुरलेले रंगीत तारकाकण वेचायचे आणि चालून येणाऱ्या शत्रूला क्षणभर जागीच रोखून धरायचे. येथे बोटांची चपळाई फारशी लागत नाही. आपली चूक झाली म्हणून सहसा डाव हरत नाही. मात्र आपली मदत नातवंडाला खरोखर उपयोगी पडते. केवळ कौतुक करणाऱ्या प्रेक्षकाहून ही भूमिका निराळी आहे.

दुसरा गुण, खेळाचे लहान लहान टप्पे. एक तारा मिळवायला बहुधा काही मिनिटे पुरतात आणि झालेली प्रगती जपून ठेवता येते. त्यामुळे जेवणाची वा औषधाची वेळ झाली, की खेळ थांबवणे कठीण जात नाही. नव्या आवृत्तीतील साहाय्यक पद्धत निवडली, तर नायकाला अधिक बळ मिळते आणि तो खाली पडल्यास त्याला पुन्हा वर येण्याची संधी असते.

तिसरा गुण, संगीत आणि कथा. खेळाचे संगीत वाद्यवृंदाने वाजवलेले आहे आणि ते कानाला सुखावते. रोझलिना नावाची एक शांत स्त्री मुलांना पुस्तकातील गोष्ट वाचून दाखवते. आपली आई आता परत येणार नाही, हे एका लहान मुलीला हळूहळू उमगते, अशी ती गोष्ट आहे. घरात अलीकडेच कोणी गेले असेल, तर हा भाग मनाला लागेल, हे आधीच ठाऊक असू द्यावे. मात्र गेलेल्या माणसाविषयी नातवंडाशी बोलण्याचे निमित्तही त्यातून मिळू शकते.

उणिवा

मुख्य दोष याच खेळाच्या मुख्य गुणातून येतो. ग्रहाभोवती फिरताना दृश्य सतत वळते, कलते, कधी उलटेही होते. डोळे मेंदूला सांगतात की आपण फिरत आहोत. आतला कान सांगतो की आपण स्थिर बसलो आहोत. या विसंगतीमुळे काहींना घाटातील प्रवासासारखी मळमळ होते, डोके जड होते, घाम येतो. ज्यांना चक्कर येण्याचा विकार आहे किंवा जे पूर्वी तोल जाऊन पडले आहेत, त्यांनी ही गोष्ट किरकोळ समजू नये. खेळून लगेच उठताना तोल गेला, तर अर्ध्या तासाची करमणूक फार महागात पडेल.

दुसरी अडचण दिशांची. मारिओ ग्रहाच्या खालच्या बाजूला उलटा धावू लागला, की कळ कोणत्या बाजूला दाबावी, याचा गोंधळ होतो. तरुणांनाही तो होतो. त्यावरून आपली बुद्धी मंदावली, असा निष्कर्ष काढू नका. शिवाय कळा लहान असतात. अंगठ्याचे सांधे दुखत असतील, तर मुख्य खेळाडूची भूमिका टाळावी. खेळातील मजकूर मराठीत नाही आणि दूरवरून वाचणे सर्वांना जमत नाही. तो नातवंडाकडून वाचून घ्यावा. शेवटी, हा खेळ म्हणजे व्यायाम नव्हे. संध्याकाळच्या फेरफटक्याची जागा त्याने घेऊ नये.

स्मरणशक्ती वाढते का?

माँट्रियल येथील संशोधकांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५५ ते ७५ वयाच्या ३३ व्यक्तींपैकी काहींनी सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास मारिओचाच, पण १९९६ सालचा जुना खेळ खेळला. काहींनी पियानो शिकला. उरलेल्यांना नवे काही दिले नव्हते. खेळणाऱ्यांच्या मेंदूत स्मृतीशी व दिशाभानाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातील करड्या द्रव्यात वाढ आढळली. निष्कर्ष आशादायक आहे. परंतु गट लहान होता आणि खेळही दुसरा होता. तेव्हा स्मृतिभ्रंशावरील औषध म्हणून कोणी असा खेळ सुचवला, तर त्यावर विसंबू नका. नवे काही नियमाने शिकणे मेंदूला हितकर असते, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

काळजीवाहकांसाठी

• पहिल्या दिवशी दहा मिनिटेच खेळू द्या. त्रास नसेल तरच वेळ वाढवा.
• पाठीला आधार असलेल्या, हात असलेल्या खुर्चीत बसवा. पडद्यापासून पुरेसे अंतर ठेवा आणि खोलीत उजेड असू द्या.
• मळमळ वाटताच पडद्यावरून नजर काढून एखाद्या स्थिर वस्तूकडे पाहायला सांगा आणि खेळ तेथेच थांबवा.
• खेळ संपल्यावर दोन मिनिटे बसवून ठेवा. मगच आधार देऊन उठवा.
• अपस्मार, चक्कर येणे किंवा नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

केवळ ज्येष्ठांसाठी एवढे महागडे यंत्र विकत घ्यावे, असे आम्ही सुचवणार नाही. पण घरात ते आधीच असेल, नातवंड सोबत असेल आणि चक्कर येण्याचा त्रास नसेल, तर सहखेळाडूची जागा आपण अवश्य घ्यावी. चक्कर येत असेल, तर मात्र पडद्याकडे पाठ करून नातवंडाला त्या मुलीची गोष्ट मोठ्याने सांगायला लावा आणि डोळे मिटून ऐका. खेळातील तो भाग कोणालाही मानवेल.