तळाशी गंधार (लेखमाला ‘तळाचे सूर’ : लेखांक ६)

कीबोर्डवर पांढरी एकचा सा धरा. उजव्या हाताने सा, ग, प, ध हे चार स्वर एकत्र दाबून ठेवा आणि डाव्या हाताने खाली मंद्रातला सा वाजवा. जे ऐकू येतं ते प्रसन्न, स्थिर असतं. जॅझवाले त्याला सी सिक्स्थ म्हणतात. आता उजवा हात तसाच ठेवून डाव्या हाताचा सा सोडा आणि मंद्रातला ध दाबा. वरचा एकही स्वर हललेला नाही, तरी रंग पालटतो, थोडा उदास होतो. हीच कॉर्ड आता ए मायनर सेव्हन्थ झाली. वरच्या स्वरांचा अर्थ तळाचा स्वर ठरवतो. बेसवादकाकडे असलेली ही सत्ता जाणून वापरायची, तर इन्व्हर्शन शिकायलाच हवीत.

मागच्या लेखांकात आपण बारमध्ये दोनच स्वर वाजवले होते, रूट आणि फिफ्थ. सुरुवातीच्या जॅझमध्ये ट्यूबावाले असंच वाजवत. फुंकून वाजवायचं एवढं मोठं वाद्य, त्यात वादकाला श्वास घ्यायलाही जागा लागते. पुढे डबल बेस आला. १९३०च्या दशकात कॅन्सस सिटीत काउंट बेसीच्या वाद्यवृंदात वॉल्टर पेजने बारच्या चारही मात्रांवर सारख्या वजनाचे स्वर वाजवण्याची पद्धत घट्ट रुजवली. चालता बेस म्हणतात तो हाच. पण चार स्वर वाजवायचे म्हटलं की शिकणाऱ्याची अडचण सुरू होते. प्रत्येक कॉर्डची सुरुवात रूटवरून, मग मधल्या जागा कशातरी भरायच्या, की पुन्हा पुढच्या रूटवर उडी. असा बेस चालत नाही, ठेचकाळतो.

सी मेजर कॉर्डचे स्वर सा, ग, प. तळाशी सा असेल तर ती रूट पोझिशन, ग असेल तर फर्स्ट इन्व्हर्शन, प असेल तर सेकंड इन्व्हर्शन. कॉर्डमध्ये सेव्हन्थ असेल तर तोही तळाशी येऊ शकतो, ते थर्ड इन्व्हर्शन. चार्टवर हे सी/ई, सी/जी असं तिरक्या रेघेने लिहिलेलं असतं. या सगळ्या मांडण्यांचं मूळ एकच, हा विचार फ्रेंच संगीतकार रामो याने १७२२ साली आपल्या हार्मनीवरच्या ग्रंथात ठामपणे मांडला. त्याआधीचे वादक तळाच्या स्वरावर लिहिलेले आकडे पाहून वरचे स्वर जुळवत. त्याच १७२२ची तारीख बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या पहिल्या भागावर आहे. त्यातलं शेवटचं, बी मायनरमधलं प्रील्यूड मुद्दाम ऐका. डावा हात जवळजवळ अखंड, सारख्या पावलांनी चालत राहतो आणि वरचे दोन आवाज एकमेकांशी बोलत असतात. जॅझच्या दोनशे वर्षं आधी चालता बेस इथे पूर्ण रूपात भेटतो.

आपल्या कानाला इथे एक खरी अडचण येते. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानासाठी तळ म्हणजे न हलणारा षड्ज. वर राग कितीही फिरो, खाली सा आणि प गुंजत असतात. त्यामुळे सी कॉर्ड चालू असताना बेसने ग धरला, की अनेकांना वाटतं सा-च बदलला, आपण चुकलो, आणि बोट पुन्हा रूटकडे धावतं. ही सवय मोडायचा उपाय गळ्यातून जातो. कीबोर्डवर सा-ग-प दाबून ठेवा आणि खालच्या पट्टीत फक्त ग गा, बराच वेळ. कॉर्ड तीच आहे, पण आता तिचा तोल पुढे झुकला आहे, ती कुठेतरी जायला निघाली आहे, हे जाणवू लागेल. रूटवर कॉर्ड विसावते, थर्डवर ती हलायला तयार असते. म्हणून फिफ्थआधी थर्ड तळाशी ठेवायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने शिकवतात, कारण फिफ्थ बोटांना सोपा. पण बेसला चाल देतो तो थर्ड.

आता प्रत्यक्ष. जॅझमध्ये पदोपदी भेटणारी साखळी घेऊ : डी मायनर सेव्हन्थचा एक बार, जी सेव्हन्थचा एक, मग सी मेजरचे दोन. फक्त रूट वाजवले तर रे, प, सा, म्हणजे सगळ्या मोठ्या उड्या. त्याऐवजी हे वाजवा :

रे म ध सां | नी ध प म | ग प ध नी | सां प ग कोमल ग |

आणि पुन्हा पहिल्या रेवर या.

पहिल्या बारमध्ये डी मायनर सेव्हन्थचेच चार स्वर सरळ वर गेले. चौथ्या मात्रेवरचा सां हा त्या कॉर्डचा सेव्हन्थ. तो अर्ध्या स्वराने खाली सरकून नीवर येतो, आणि नी हा जी सेव्हन्थचा थर्ड. म्हणजे जी कॉर्ड रूटवर न येता फर्स्ट इन्व्हर्शनमध्ये आली, आणि उडीच्या जागी एक पाऊल पडलं. तिचा रूट प गायब झालेला नाही, तो तिसऱ्या मात्रेवर आहे. कॉर्ड कोणती हे ऐकणाऱ्याला कळायला तेवढं पुरतं. मधला ध कॉर्डमधला नाही, जाता जाता लागणारा आहे, म्हणून तो दुसऱ्या, हलक्या मात्रेवर ठेवला. बारच्या शेवटी म, जी कॉर्डचा सेव्हन्थ, आणि तो पुन्हा अर्ध्या स्वराने ग मध्ये उतरतो : सी मेजर, फर्स्ट इन्व्हर्शन. दोन्ही वेळा एका कॉर्डचा सेव्हन्थ पुढच्या कॉर्डच्या थर्डमध्ये विरघळला. पियानोवादक हेच दोन स्वर मधल्या पट्टीत हलवत असतो. बेस त्याच वाटेने तळातून गेला, की दोघांचं वाजवणं एकमेकांत बसतं.

तिसऱ्या बारमध्ये ओळ वर चढते आणि चौथ्याच्या पहिल्या मात्रेवर सां लागतो. सी मेजरचा रूट आपण इतका वेळ राखून ठेवला होता, म्हणून तो इथे भरून वाजतो. शेवटी ग, कोमल ग, रे असं उतरून साखळी पुन्हा सुरू.

बेस गिटारवर ही ओळ फक्त डी आणि जी या दोन तारांवर, पहिल्या पाच फ्रेटमध्ये बसते. रे म्हणजे मोकळी डी तार, म तिच्या तिसऱ्या फ्रेटवर, ग दुसऱ्यावर, कोमल ग पहिल्यावर. प म्हणजे मोकळी जी तार, मग ध दुसऱ्या फ्रेटवर, नी चौथ्यावर, सां पाचव्यावर. मेट्रोनोम अगदी सावकाश लावा आणि त्याचे ठोके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडताहेत असं धरा. प्रत्येक स्वर पुढचा लागेपर्यंत वाजत राहिला पाहिजे. मध्ये शांतता पडली की ओळ तुटते, मग स्वरांची निवड कितीही चांगली असो.

फर्स्ट इन्व्हर्शनची चटक लागली की ते सगळीकडे वापरावंसं वाटतं. गाण्याच्या अगदी सुरुवातीला आणि शेवटच्या कॉर्डवर मात्र रूटच द्यावा. गायक किंवा सॅक्सोफोनवाला तिथे आधार शोधत असतो. बेसने थर्ड धरला असेल तेव्हा पियानोनेही तोच स्वर खालच्या पट्टीत जोरात वाजवला, तर आवाज गढूळ होतो. तेव्हा साथीदाराशी आधी बोलून घ्यावं.

सेकंड इन्व्हर्शनचा स्वभाव वेगळा. तळाशी फिफ्थ आला की कॉर्ड अधांतरी राहते. मोझार्टच्या कॉन्चेर्टोंमध्ये एकलवादकाच्या मुक्त वादनाआधी ऑर्केस्ट्रा ज्या कॉर्डवर थांबतो, ती हीच. सगळ्यांना कळतं की अजून काही यायचं आहे. चालत्या बेसमध्ये फिफ्थला पहिली मात्रा द्यायची योग्य जागा म्हणजे एकच कॉर्ड लांबली की तिचा दुसरा किंवा तिसरा बार.

असं लांबणं किती टोकाचं असू शकतं, ते माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या ‘सो व्हॉट’मध्ये ऐका. ३२ बारच्या आवर्तनात पहिले १६ बार डी मायनर, मग ८ बार अर्धा स्वर वर, मग पुन्हा ८ डी मायनर. आवर्तन फिरलं की शेवटचे ८ आणि पुढचे १६ एकमेकांना जोडले जातात : सलग २४ बार, ९६ मात्रा, एकच कॉर्ड. दर बारला रे वाजवला तर दहाव्या बारपर्यंत ऐकणारा कंटाळेल. सोलोंच्या खाली पॉल चेंबर्सचा बेस ऐकताना एकच गोष्ट टिपा : बारच्या पहिल्या मात्रेवर रे कधी आहे, म कधी, ध कधी. पहिल्या ऐकण्यात हे सुटतं. सोलोच्या सुरुवातीचा १६ बारचा तुकडा पुन्हा पुन्हा लावा आणि बरोबर गुणगुणा, मग कॉर्ड तीच असूनही तळ कसा वर-खाली होत राहतो ते कानात बसेल.

या आठवड्याचा अभ्यास : वरची चार बारची ओळ तशीच उचलून तीन फ्रेट वर न्या. आता साखळी एफ मायनर सेव्हन्थ, बी फ्लॅट सेव्हन्थ, ई फ्लॅट मेजर अशी होईल आणि एकही तार मोकळी वाजणार नाही. रे डी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर येईल, प जी तारेच्या तिसऱ्यावर. हे बसलं की आणखी दोन फ्रेट वर. त्यानंतर पहिला बार बदलून पाहा : रे म ध सां ऐवजी म ग रे सां, म्हणजे पहिलीच कॉर्ड फर्स्ट इन्व्हर्शनमध्ये, आणि शेवटच्या सांसाठी मोठी झेप. नीवर पोचायची वाट तीच राहते, पण ओळीचा चढ-उतार पूर्ण बदलतो. पुढच्या लेखांकात १२ बारचा ब्लूज घेऊ. त्यात तिन्ही कॉर्डना सेव्हन्थ असतो, त्यामुळे तळाशी ठेवायला प्रत्येक वेळी चार स्वर हाती असतील.