डोक्यावरचे फुगे

संगणकावरच्या खेळात गडी बोलला, की त्याचे शब्द कोपऱ्यातल्या यादीत दिसावेत, की त्याच्या डोक्यावर फुगा होऊन तरंगावेत, यावर आमच्या घरी रोज रणे माजतात. थोरल्या नातवाला फुगे नकोत. ऐन लढाईत शत्रू झाकला जातो म्हणे! धाकटीला हवेत; कोण बोलले ते चटकन कळते. मी धाकटीच्या बाजूचा. लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’मध्ये १९८६ सालीच असे फुगे होते. मात्र ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर असावेत. कारण, वाचकहो, परक्याची शिवीही फुग्यात बसूनच आठ वर्षांच्या पोरीसमोर येते. २००५ ते २०१७ चाललेल्या ‘क्लब पेंग्विन’मध्ये मुलांचे बोलणे ठरावीक वाक्यांपुरते ठेवता येई. आमच्या सूनबाईंनी धाकटीला फक्त मैत्रिणींचे फुगे ठेवले आहेत. थोरला म्हणतो, तेवढेही पुष्कळ झाले!