जावयाचा व्हिसा आणि सासूबाईंचे आजारपण

“आई बाथरूममध्ये पडली” असा फोन आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी येतो. मला तो डिसेंबर २०२२ मध्ये आला. न्यू जर्सीत रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पुण्यात सकाळचे दहा. फोन शेजारच्या वहिनींचा होता. “घाबरू नकोस, पण निघ,” एवढेच त्या म्हणाल्या.

आई तेव्हा ८२ वर्षांची होती. कोथरूडच्या घरात एकटी राहायची. मी एकुलती एक. मी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने निघाले आणि चार दिवसांनी, १८ डिसेंबरला, माझे यजमान पुण्यात पोहोचले.

इथे थोडी घरची माहिती सांगायला हवी, कारण पुढची सगळी कहाणी तिच्यावरच उभी आहे. माझे पहिले यजमान २०११ साली गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, २६ जून २०२१ रोजी, मी इथल्याच एका निवृत्त शिक्षकाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते जन्माने अमेरिकन. मी अमेरिकन नागरिक असले तरी माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे. यांच्याकडे होता दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा. “दहा वर्षांची काळजी मिटली,” असे आम्ही दोघेही समजून चाललो होतो.

आई यांना ‘जावईबापू’ म्हणायची. ते आपले मराठी नावच असावे अशा समजुतीने हे हसून ‘ओ’ द्यायचे.

दोन माणसांचे काम

आईच्या खुब्याचे हाड मोडले होते. या वयात असे झाले की शक्यतो एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून माणसाला लवकरात लवकर उभे करतात. पडून राहिले की छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात. आईचे ऑपरेशन नीट झाले आणि तिसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभे केले. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. खरे काम घरी आल्यावर सुरू झाले.

दर दोन तासांनी कूस बदलायची. कॉटवरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, परत कॉटवर. रात्री तिला स्थळकाळाचे भान राहत नसे, माझ्या वडिलांना हाका मारायची, उठून चालायला बघायची. मोठ्या ऑपरेशननंतर वृद्ध माणसांना असा भ्रम होणे नवलाचे नाही, पण तेव्हा कुणीतरी जागे लागते. दिवसा बाई होती. रात्री आम्ही दोघे पाळीपाळीने जागत होतो.

यांनी स्वतःच्या आईची सेवा केली होती. कमरेला रुंद पट्टा बांधून, आपले गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून माणसाला कसे उठवायचे ते त्यांना ठाऊक होते. मला त्यांनीच शिकवले. फेब्रुवारीत आई वॉकरवर गॅलरीपर्यंत जायला लागली. एप्रिलमध्ये पुन्हा खचली, छातीत संसर्ग झाला, आणि सगळे पहिल्यापासून सुरू झाले.

१८० दिवस

मे महिन्यात यांनी पासपोर्ट सहज उघडला आणि व्हिसावरची बारीक अक्षरे वाचली. व्हिसा दहा वर्षांचा होता हे खरे, पण एका खेपेला सलग १८० दिवसांपेक्षा जास्त राहता येणार नव्हते. आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. १५ जूनला १८० दिवस भरत होते.

मग आठवले की परदेशी जोडीदारालाही ओसीआय मिळते. नियम काढून बघितला. लग्नाची रीतसर नोंदणी हवी आणि अर्जाच्या आधी ते लग्न सलग दोन वर्षे टिकलेले हवे. आमची दोन वर्षे भरत होती २६ जूनला. अकरा दिवस कमी! शिवाय ते अकरा दिवस कुणी उदार मनाने दिले असते तरी उपयोग नव्हता, कारण टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाला ओसीआयचा अर्ज भारतात राहून करता येत नाही. मुदतवाढ मागून पाहिली, व्हिसाचा प्रकार बदलून मिळेल का ते विचारले. दोन्हीला नकार आला. कुणी उद्धटपणे बोलले नाही. नियम होता, तो त्यांनी सांगितला. तो आम्हालाच दोन वर्षे आधी माहीत असायला हवा होता.

१३ जूनला हे परत गेले. आई दिवसभर विचारत राहिली, “जावईबापू बाजारात गेलेत का?”

पुढचे अकरा आठवडे मी कसे काढले ते लिहीत बसत नाही. दोन गोष्टी मात्र आरोग्याच्या सदरात सांगितल्याच पाहिजेत. तिसऱ्या आठवड्यात आईला एकटीने उचलताना माझी पाठ धरली आणि मी पाच दिवस आडवी झाले. त्या पाच दिवसांत रात्री कूस बदलायला कुणी नव्हते. आईच्या माकडहाडापाशी जी लाल खूण उठली तिची जखम झाली आणि ती भरायला तीन महिने लागले. तेव्हापासून व्हिसाचा कागद आणि पाठीची जखम या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

काय करायला हवे होते

यांना परत आणले ते एन्ट्री व्हिसाने. भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआयधारकाच्या परदेशी जोडीदारासाठी असा वेगळा व्हिसा असतो आणि त्याला दोन वर्षांची अट नाही. म्हणजे डिसेंबरमध्येच हे त्या व्हिसावर येऊ शकले असते! पण तिकीट काढायच्या घाईत “व्हिसा आहेच की” म्हणून आम्ही पुढचा विचारच केला नाही. जुलैत अर्ज केला, ऑगस्टमध्ये व्हिसा हातात आला आणि २९ ऑगस्टला हे पुण्यात आले. या व्हिसावर १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचे तर परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयात, म्हणजे एफआरआरओकडे, नोंदणी करावी लागते. ती आता इंटरनेटवरून होते. मुदत आणि अटी व्हिसावर छापलेल्या असतात. विमानात बसण्यापूर्वी वाचाव्यात, मे महिन्यात नव्हे.

ओसीआय पुढे सवडीने केले. त्यासाठी लागणारी तयारी अशी:

• लग्नाची नोंदणी. देवळात किंवा हॉलमध्ये लग्न लागले एवढे पुरत नाही. सरकारी दाखला हवा. दाखला अमेरिकेतला असेल तर त्यावर राज्य सरकारकडून अपोस्टिल करून घ्यावे लागते.

• लग्न चालू असल्याचे पुरावे. दोघांच्या नावाचे घर, बँक खाते, टॅक्सचे कागद, फोटो. दोघांना मुलाखतीलाही बोलावतात.

• वेळ. जोडीदाराच्या अर्जाची सुरक्षाविषयक तपासणी होते, त्यामुळे आपल्या स्वतःच्या कार्डापेक्षा जास्त दिवस लागतात. हे महिन्यांचे काम आहे, आठवड्यांचे नव्हे.

• अर्जदार, त्याचे आईवडील, आजीआजोबा यांच्यापैकी कुणी कधी पाकिस्तानचे किंवा बांगलादेशाचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही.

• कार्ड मिळाल्यावरही जोडीदाराचा पासपोर्ट नवा झाला की त्याची प्रत आणि लग्न चालू असल्याचे निवेदन संकेतस्थळावर चढवावे लागते. घटस्फोट झाला तर जोडीदार म्हणून मिळालेले कार्ड रद्द होऊ शकते.

जुन्या मंडळींसाठी आणखी एक सूचना. पूर्वी परदेशी जोडीदाराला पीआयओ कार्ड मिळायचे. ती योजना जानेवारी २०१५ मध्ये ओसीआयमध्ये विलीन झाली. कपाटात जुने पीआयओ कार्ड असेल तर त्याच्या भरवशावर तिकीट काढू नका.

ज्यांचे अजून भारतीय पासपोर्ट आहेत आणि इथे ग्रीन कार्ड आहे, त्यांना उलटी काळजी. आईवडिलांसाठी वर्षभर राहावे लागेल असे वाटले तर अमेरिका सोडण्यापूर्वी री-एन्ट्री परमिटचा अर्ज करा. हा अर्ज करताना माणूस अमेरिकेत असावा लागतो. आणि सहा महिन्यांहून लांब मुक्काम झाला तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात त्यावर प्रश्न विचारले जातात.

पैशाची बाजू

माझ्या नोकरीतून मला १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळाली. ती १९९३ च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायद्याने मिळते. मात्र हा केंद्रीय कायदा आपल्या आईवडिलांसाठी आहे, सासूसासऱ्यांसाठी नाही. जावई किंवा सून नोकरीत असेल तर या कायद्याने त्यांना सासू-सासऱ्यांच्या सेवेसाठी हक्काची रजा मिळत नाही. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांचे कायदे जास्त उदार आहेत. आपल्या कंपनीत आजच विचारून ठेवा.

यांचे वय ६५ च्या पुढे, म्हणून मेडिकेअर. मेडिकेअर भारतातल्या उपचारांचे पैसे जवळजवळ कधीच देत नाही. काही मेडिगॅप पॉलिसींमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय असते, पण ती प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांपुरती. वर्षाला २५० डॉलर आपण भरल्यावर ८० टक्के खर्च मिळतो आणि आयुष्यभराची मर्यादा आहे ५०,००० डॉलर. म्हणजे पहिल्या खेपेला चार महिने हे विम्याशिवाय राहिले. आजारी पडले नाहीत हे आमचे नशीब. लांबच्या मुक्कामाला वेगळा विमा घ्यावा. आणि “भारतातच तर आहोत” म्हणून मेडिकेअर पार्ट बी बंद करू नये. पुन्हा घेताना दर पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढू शकतो आणि ती वाढ कायमची असते.

आईच्या बँक खात्यावर सोयीसाठी माझे नाव होते. तुमचेही असेल. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी अमेरिकन सरकारकडे एफबार भरावा लागतो, पैसा आईचा असला तरी आणि तुम्हाला फक्त सहीचा अधिकार असला तरी. एका वर्षात भारतात १८२ दिवस झाले की तिथल्या इन्कम टॅक्सचा प्रश्नही उभा राहतो. काही जणांच्या बाबतीत त्याआधीही. दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सीएला निघण्यापूर्वी भेटा. आईवडिलांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला विसरू नका. तो आता घरबसल्याही देता येतो.

शेवटी एवढेच

आई मार्च २०२४ मध्ये गेली. घरी, स्वतःच्या कॉटवर. उशाशी मी होते आणि पायाशी जावईबापू. त्यांच्याकडे तेव्हा रीतसर कागद होते, म्हणून ते तिथे होते. एरवी त्या आठवड्यातही आम्ही कॅलेंडरच मोजत बसलो असतो.

आपल्या मंडळात आता कितीतरी घरांत अमेरिकन सुना आणि जावई आहेत. गणपतीत आरतीला उभे राहतात, मोदक करायला शिकतात, आजी-आजोबांशी मोडक्या मराठीत बोलतात. त्यांच्यापैकी किती जणांकडे ओसीआय आहे? लग्नाला दोन वर्षे झाली असतील तर येत्या रविवारी फॉर्म उघडा. झाली नसतील तर एन्ट्री व्हिसाची माहिती काढून ठेवा आणि दोन वर्षे कधी भरतात ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आईवडील धडधाकट आहेत, सध्या कुठे गरज आहे, असे म्हणू नका. हे काम ते धडधाकट असतानाच करायचे असते.