आधी बोटीची तारीख, मग इमॅजिका

पनवेलला राहणाऱ्यांची एक सोय त्यांच्या स्वतःच्याही चटकन लक्षात येत नाही. जुन्या हायवेने खोपोलीकडे निघालं की साधारण तासाभरात इमॅजिका थीम पार्क येतं. उलट्या दिशेला, रस्ता मोकळा असेल तर तेवढ्याच वेळात अटल सेतूवरून मुंबईचं बॅलार्ड पिअर गाठता येतं, आणि क्रूझ तिथूनच सुटते. फ्लोरिडात ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड आणि पोर्ट कॅनाव्हरल बंदर यांच्यातही असंच तासाभराचं अंतर आहे. या जोडीवर तिथे सहलींचा मोठा धंदा चालतो. फरक इतकाच की तिथे मधल्या रात्रीसाठी हॉटेल घ्यावं लागतं, पनवेलकर घरी येऊन झोपू शकतो. त्यामुळे ‘पार्क अधिक क्रूझ’ असं एकगठ्ठा पॅकेज आपल्याला घ्यायची गरज नाही. दोन्ही बुकिंगं वेगवेगळी करावीत.

सुरुवात मात्र बोटीपासून करायची. पार्क आज नाही तर उद्या उघडं असतं, बोट ठरलेल्या दिवशीच सुटते. कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ २०२१च्या सप्टेंबरपासून मुंबईतून जायला लागली. जहाज जुनं, १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, लांबी दोनशे मीटरच्या वर. मुंबईहून दोन-तीन रात्रींची गोव्याची किंवा नुसती खोल समुद्रातली फेरी मिळते. लक्षद्वीपची फेरी त्याहून लांब. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचा हा धंदा थंडावतो. आपल्या आजोबांच्या काळी भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोटही पावसात बंदच असायची. म्हणून दिवाळीची सुट्टी या बेताला सगळ्यात चांगली. मे महिन्यातही जाता येतं, पण तेव्हा पार्कात ऊन आणि गर्दी दोन्ही भरपूर.

आता भाडं. जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि तो एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून काढलेला असतो. त्यावर बंदराचं शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी चढतो. सगळं मिळून किती होतं, ते पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर पाहूनच तुलना करावी. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बहुधा कमी असतं. उलट एकट्याने केबिन घेतली तर जवळजवळ दोघांचे पैसे जातात.

इथेच एकत्र कुटुंबाचं गणित बसवावं लागतं. समजा आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन मुलं, असे सहाजण आहेत. पहिला विचार येतो तो एका केबिनमध्ये दोघं आणि दुसरीत चौघं. पण चौघांच्या केबिनमधले वरचे दोन बिछाने रेल्वेच्या वरच्या बर्थसारखे असतात, शिडीने चढायचे, आणि खाली पाय ठेवायला जागा उरत नाही. तीन-तीन अशी वाटणी केली तर प्रत्येक खोलीत वरचा बर्थ एकेका मुलाला जातो, रात्री आजी-आजोबांजवळ नातवंड असतं आणि दोन्ही बाथरूमवर सारखाच ताण पडतो. माझं मत या दुसऱ्या वाटणीला. फक्त एखादी केबिन आजी आणि आईची, दुसरी आजोबा आणि बाबांची असा बदल हवा असेल तर तो बुकिंग करतानाच नावांसकट करावा. लागून-लागून केबिन हव्या असतील तर तेही तेव्हाच मागावं.

खिडकी नसलेली आतली केबिन सगळ्यात स्वस्त. दिवसभर माणूस डेकवरच असतो, तेव्हा ती चालते. मात्र कोंदट जागेत जीव घाबरतो अशा माणसाला ती देऊ नये. ज्याला बोट लागते त्याच्यासाठी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन बघावी, कारण तिथे हेलकावे कमी जाणवतात. गोळी कोणती आणि किती, हे वयस्कर माणसांसाठी आधी डॉक्टरांना विचारून ठेवावं.

भाड्यात जेवणखाण येतं, जैन जेवणाचीही सोय होते. दारू, इंटरनेट, गोव्यात उतरून फिरणं हे वेगळं. गोव्यात बोट मुरगावला लागते. तिथून कळंगुट-बागा लांब पडतं आणि परत येण्याची वेळ पक्की असते, त्यामुळे वास्को आणि दक्षिणेकडचे किनारेच बरे. समुद्रात मोबाईल जहाजाच्या महागड्या नेटवर्कला जोडला जाऊ शकतो. बंदर सोडलं की तो फ्लाईट मोडवर टाकावा.

निघण्याआधी वेब चेक-इन करायचं असतं. प्रत्येकाचं ओळखपत्र, मुलांचंही, नावाच्या स्पेलिंगसकट तिकिटाशी जुळलं पाहिजे. बॅगा बंदरावरच घेतल्या जातात आणि काही तासांनी केबिनच्या दाराशी येतात. तोवर औषधं, मुलांचे कपडे आणि पोहण्याचा पोशाख हातातल्या पिशवीत असू द्यावा. बोटीवर चढल्यावर संकटकाळी कुठे जमायचं याची तालीम होते. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया उलटली, तेव्हा नव्याने चढलेल्या कित्येकांची ही तालीम झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. ती तालीम टाळून बुफेकडे पळू नये.

बोटीची तारीख पक्की झाली की पार्कचा दिवस तिच्या दोन दिवस आधीचा धरावा. दिवसभर चालून पाय दुखतात, ओले कपडे वाळायचे असतात, बॅग पुन्हा भरायची असते. मधला दिवस त्यासाठी. इमॅजिकाचं थीम पार्क २०१३ साली उघडलं, वॉटर पार्क पुढच्या वर्षी. दोन्हींची तिकिटं वेगळी, आणि एका दिवसात दोन्ही उरकायचा हव्यास मुलांना रडवतो. एकच निवडावं. तिकीट ऑनलाइन, शक्यतो आठवड्यातल्या मधल्या वाराचं घ्यावं. थंडीत मात्र शाळांच्या सहली मधल्याच वारी येतात, हे धरून चालावं. ‘नायट्रो’सारख्या मोठ्या राइडला उंचीची अट असते. मुलांची उंची घरीच मोजून कोणत्या राइड मिळणार ते आधी सांगितलं, तर रांगेच्या टोकाला भोकाड ऐकावं लागत नाही. आजी-आजोबांना दिवसभर बाकावर बसवून ठेवण्यापेक्षा वाटेत खोपोलीच्या अलीकडे महडच्या वरदविनायकाचं दर्शन घडवावं आणि मग त्यांनी हवं तर गाडीने घरी परतावं. सकाळची न्याहारी पळस्पे फाट्यावर होतेच.

बंदरावर जायला अटल सेतूचा रस्ता सोयीचा. गव्हाण फाटा, उलवे करत सेतूवर चढायचं, शिवडीला उतरून ईस्टर्न फ्री वे धरायचा. गाडीला एका बाजूचा टोल २५० रुपये. हार्बर लोकलने सीएसएमटी आणि पुढे टॅक्सी हाही मार्ग आहे. पण बोट रविवारी असेल तर मेगाब्लॉक बघितल्याशिवाय लोकलचा भरवसा धरू नये.

परतीच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे तेवढे बाहेर काढून ठेवावेत. शिवाय बोटीवरचं जास्तीचं बिल रात्रीच तपासून घ्यावं, कारण सकाळी काउंटरवर सगळी बोट रांगेत असते.