ऑगस्ट ८३

जुनी स्लाइड स्कॅनरमध्ये सरकवण्याआधी वाचावी लागते. दोन इंचांची पुठ्ठ्याची चौकट, तिच्या मधोमध ३६ बाय २४ मिलिमीटरची फिल्म. चौकटीवर फ्रेमचा क्रमांक आणि फिल्म धुतली गेली तो महिना. आमच्या डब्यातल्या बहुतेक स्लाइडवर ऑगस्ट ८३ चा शिक्का आहे. अमेरिकेत शिकायला असताना आम्ही चौघांनी एक जुनीपुराणी स्टेशन वॅगन घेतली आणि सुट्टी लागताच पश्चिमेची वाट धरली, तो हा उन्हाळा.

पुढची सगळी वर्षं डबा मुंबईतल्या माळ्यावर होता. आपल्याकडच्या पावसाळ्यांनी फिल्मचं काय होतं, ते भिंगाखाली लगेच कळतं. कडेने बुरशीचे बारीक तंतू आत सरकलेले असतात. अशी स्लाइड ओल्या फडक्याने चुकूनही पुसू नये. बुरशीने जिलेटिन पोखरलेलं असतं. पाणी लागलं की तो थर सुटतो आणि चित्रच फडक्याला लागून येतं. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवायची, मग मऊ ब्रश. तेवढ्याने भागलं नाही, तरच फिल्म क्लीनर.

फिल्म कोडाक्रोम आहे का, हेही पाहून घ्यावं. दिव्याखाली तिरकी धरली की तिच्या मंद बाजूवर चित्राचा हलका उठाव दिसतो. या फिल्ममध्ये रंग मुळात नसायचे, ते प्रयोगशाळेत धुताना चढवले जायचे. अंधारात ठेवली तर ती टिकतेही उत्तम. आमच्या डब्यातल्या दुसऱ्या बनावटीच्या स्लाइड गुलाबी पडल्या आहेत. कोडाक्रोमचं आकाश मात्र अजून निळं आहे. एक अडचण आहे. धूळ आपोआप पुसणारी स्कॅनरची इन्फ्रारेड सोय कोडाक्रोमवर गोंधळते, चित्रातले तपशीलच डाग समजून खोडते. ती बंद ठेवून एकेक ठिपका हाताने काढावा लागतो.

इंचाला ४००० बिंदू या मापाने स्कॅन केलं की एका स्लाइडमधून सुमारे २१ मेगापिक्सेलचं चित्र मिळतं. भिंतीवरच्या पडद्यावर आम्ही त्या काळी फक्त आमचे चेहरे पाहिले. आता नजर मागे जाते. पेट्रोल पंपावरच्या फलकात दराच्या शेवटी बसवलेला सेंटचा ९/१० भागसुद्धा वाचता येतो.

अॅरिझोनातल्या ग्लेन कॅनियन धरणाची स्लाइड अशीच उलगडली. पुढे आम्ही गॉगल लावून उभे, मागे धरणाचा तलाव, लेक पॉवेल. पाणी लाल खडकाला थेट भिडलेलं. पाणी उतरल्यावर दिसणारा पांढरा पट्टा मध्ये कुठेही नाही. दुसऱ्या फ्रेममध्ये धरणाच्या पायथ्याशी पाण्याचे प्रचंड फवारे. शिक्क्यावरून फिल्म धुतल्याचाच महिना कळतो. आम्ही तिथे कधी होतो, ते या पाण्याने सांगितलं. १९८३ च्या जुलैच्या मध्याला तलाव ३७०० फुटांच्या पूर्ण पातळीच्याही आठ फूट वर गेला होता. सांडव्याच्या दरवाजांवर आधी प्लायवुडच्या आणि मग पोलादी फळ्या लावून पाणी थोपवलं होतं, आणि आत बोगद्यांचं काँक्रीट उखडून खडकात खड्डे पडले होते. आम्ही मात्र फवारे पाहून खूश! नाशिकच्या मित्राला चित्र पाठवलं, तर त्याचा लगेच फोन. "अरे, तो आवाज विसरलास का? ओरडून बोलत होतो आपण!" आवाज स्लाइडमध्ये नव्हता. तो मी तिच्या माहितीत लिहून ठेवला.

हाच तलाव २०२३ मध्ये पूर्ण पातळीपेक्षा सुमारे १८० फूट खाली गेला आणि खडकावर उंच पांढरा पट्टा उघडा पडला. आमच्या पोझ देण्याला आज कवडीची किंमत नाही. पाठीमागच्या त्या काठोकाठ पाण्याला आहे.

म्हणून स्कॅन झालं की मूळ स्लाइड फेकू नका. कोडाक्रोम धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात होती. २०१० च्या अखेरीस तिनेही धुण्यासाठी कोडाक्रोम घेणं थांबवलं. स्लाइड कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी ठेवा आणि चौकटीवरचा मजकूरही स्कॅन करा. आणि त्या प्रवासात तुमच्यासोबत जे जे होते, त्यांना काय आठवतं ते याच आठवड्यात फोन करून विचारा. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल.